ग्रंथालयाच्या कोहा सर्व्हरवरून डेस्कटॉप उतरवला त्याची सगळी हकीकत

तालुक्याच्या गावातलं एक सीनियर कॉलेज, ग्रंथालयात कोहा हे पुस्तकांचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर चालतं, आणि तक्रार अशी की दुपारी ओपॅक, म्हणजे मुलांनी पुस्तकं शोधायचं वेबपेज, बंद पडतं. मुलं स्टडी रूममधून पुस्तक शोधायला जातात, पेज उघडतच नाही, मग शिपाई मामा आत जाऊन सर्व्हरच्या कीबोर्डवर एक-दोन बटणं दाबतात आणि सगळं परत चालू. आधी नेटवर्कवाल्याला बोलावलं, त्याने स्विच बदलला, मग कुणीतरी म्हणालं कोहाच हेवी झालंय, नवीन मशीन घ्या. ग्रंथपाल मॅडमनी मला फोनवर सांगितलं, "सर, आमचं कोहा झोपतं हो अधूनमधून."

मॅडमचं निदान शब्दशः बरोबर निघालं. जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, उघडून बघितलं तर बंद पडायच्या प्रत्येक वेळेला सिस्टिम सस्पेंड होत असल्याची नोंद होती आणि नंतर कीबोर्ड दाबल्यावर जाग आल्याची. डेबियन १२ हे लिनक्स होतं, वर पूर्ण ग्नोम डेस्कटॉप, म्हणजे माऊसने वापरायचा सगळा पडदा, आणि ग्नोमची पॉवर सेटिंग अशी की बराच वेळ कीबोर्ड-माऊसला कुणी हात लावला नाही तर मशीन झोपवायचं. नेटवर्कवरून किती मुलं ओपॅक वापरतायत हे ती सेटिंग बघतच नाही, तिच्या दृष्टीने समोर कुणी बसलेलं नाही म्हणजे काम नाही. मग आधी दोन वर्षं हे का झालं नाही? कारण देवघेव काउंटर म्हणजे हेच मशीन होतं, मॅडम आणि त्यांचे असिस्टंट दिवसभर त्याच्याच फायरफॉक्समध्ये पुस्तकं इश्यू-रिटर्न करायचे. काउंटरला नवीन पीसी आला, सर्व्हर कोपऱ्यातल्या टेबलावर गेला, आणि तेव्हापासून तो झोपायला लागला. तारखा जुळवून बघितल्या तर अगदी तेच.

तातडीचा उपाय सोपा होता. सिस्टिमडी, म्हणजे मशीनवरच्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम, त्यातली स्लीप, सस्पेंड, हायबरनेट आणि हायब्रिड-स्लीप ही चारही टार्गेट्स मास्क केली, म्हणजे चालूच होणार नाहीत अशी केली, मशीन झोपणं बंद. बऱ्याच ठिकाणी काम इथेच संपतं आणि बिलही होतं. पण मला खटकत होतं ते वेगळं. काउंटरचं काम दुसऱ्या पीसीवर गेलं म्हणजे या मशीनच्या स्क्रीनसमोर आता कुणाचंच काम उरलं नव्हतं, तरी सगळा डेस्कटॉप चालू, ४ जीबी रॅममध्ये ग्नोम शेल, फाइलींचा इंडेक्स बनवणारा ट्रॅकर, इव्होल्यूशनचा कॅलेंडर सर्व्हर, पॅकेजकिट हे सगळं बसलेलं, आणि त्याच रॅमसाठी कोहाचा डेटाबेस मारियाडीबी आणि कोहाचं पर्ल चालवणारा प्लॅक भांडतायत. म्हणून मॅडमना म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत हे मशीन जरा सोलून काढू.

हा डेस्कटॉप आला कसा हे सांगायला पाहिजे कारण हे असंख्य ठिकाणी असंच होतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये शेवटी सॉफ्टवेअर निवडायची स्क्रीन येते, त्यात डेस्कटॉप आणि ग्नोमवर आधीच टिक असते, काढायची तर आपण काढायची. ज्या एजन्सीने बसवून दिलं त्यांच्या माणसाने एंटर दाबलं, आणि त्यात त्याची फार चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण तेव्हा मॅडमना तिथेच बसून काम करायचं होतं. त्यानंतर दुसरी गोष्ट, डेबियनवर पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, बसवणारा एपीटी डिफॉल्टने फक्त आवश्यक डिपेंडन्सी आणत नाही, पॅकेजने ज्यांची शिफारस केलीय ती रेकमेंड्समधली पण सगळी आणतो. डेस्कटॉपसकट बसवलेल्या डेबियनवर पॅकेजेस दीड हजारांच्या घरात सहज जातात, त्यावर कोहा आणि त्याची शेकडो पर्ल मॉड्यूल्स. (कोहा हे मूळचं न्यूझीलंडचं, होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये लिहायला घेतलं आणि २००० च्या सुरुवातीला तिथे चालू झालं, तेव्हापासून ते पर्लमध्येच आहे आणि आज महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांची दाखल नोंदवही त्याच्यात आहे.)

आता मिनिमल करायचं म्हणजे नेमकं काय, याबद्दल माझं मत ठाम आहे. पॅकेजचा आकडा खाली आणणं हे काम नव्हे. जे मशीनवर उरेल त्या प्रत्येक गोष्टीबद्दल ती का आहे हे सांगता आलं पाहिजे, आणि ते मशीनकडे बघून कळत नाही, ते मशीन ज्यांच्यासाठी चालतं त्यांच्याकडे बघून कळतं. म्हणून पहिली कमांड मारायच्या आधी मॅडमबरोबर बसून कागदावर लिहिलं की सोमवार ते शनिवार हे यंत्र काय काय करतं. ओपॅक, स्टाफ इंटरफेस, थकीत पुस्तकांचे ईमेल, बॅकअप, एवढं मलाही माहीत होतं. पण मग मॅडम म्हणाल्या, ऑफिसचं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेले कागद इथेच टाकतं ना. आणि असिस्टंट म्हणाले की संध्याकाळी जाताना वॉचमन मेन स्विच पाडतो, सकाळी कॉलेज उघडलं की सर्व्हर चालू करायचा. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर बरंच अवलंबून आहे.

मग मशीन स्वतः काय म्हणतंय ते बघितलं. एसएस कमांडने ऐकत बसलेल्या सगळ्या पोर्टची, म्हणजे नेटवर्कवरून आत यायच्या दारांची, यादी काढली. ८० आणि ८०८० वर अपाचे हा वेब सर्व्हर, बरोबर. २२ वर दुरून लॉगिन करायचं एसएसएच, बरोबर. ३३०६ वर मारियाडीबी आणि ११२११ वर मेमकॅश, दोन्ही फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या आतल्या आत, चांगलंय. मग ४४५ वर फाइल शेअर करायचं सांबा, ते झेरॉक्सवालं. १११ वर आरपीसीबाइंड, कधीतरी कुणीतरी एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, डिस्क जोडून बघितली होती तेव्हाचं. यूडीपी ५३५३ वर नेटवर्कवर मशीनचं नाव सांगणारा अवाही. यूडीपी ६३१ वर कप्स-ब्राउज्ड, आणि तो सगळ्या इंटरफेसवर उघडा. ४३६९ आणि २५६७२ वर कामांची रांग सांभाळणाऱ्या रॅबिटएमक्यूची मंडळी. शिवाय रिमोट डेस्कटॉपचं एक बाहेरचं अॅप, एजन्सीने सपोर्टसाठी टाकलेलं, बूट झाल्यापासून बाहेरच्या सर्व्हरशी कनेक्शन धरून बसलेलं, आणि एजन्सीचा करार संपून बरेच महिने झालेले.

कप्स-ब्राउज्डबद्दल थोडं सविस्तर, कारण "असू दे, त्याने काय होतंय" या वाक्याला याच्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप सापडावेत म्हणून हा डिमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, असतो. २६ सप्टेंबर २०२४ ला सिमोने मार्गारितेली या संशोधकाने जाहीर केलं की त्या ६३१ पोर्टवर कुणीही एक यूडीपी पॅकेट टाकलं तर डिमन त्यातल्या पत्त्यावर जाऊन तिथला खोटा प्रिंटर आपल्या यादीत घेतो, आणि पुढे त्या प्रिंटरवर कुणी प्रिंट दिली की हल्लेखोराची कमांड मशीनवर चालते. डेबियनने पॅच लगेच दिला. पण या सर्व्हरला प्रिंटर जोडलेलाच नाही, बारकोडची लेबलं काउंटरच्या पीसीवरून निघतात. म्हणजे जी सेवा कधी एकदाही वापरली गेली नाही तिच्यासाठी अपडेट लावत बसायचं, आणि अपडेट राहिलं तर धोका पत्करायचा. पोलकिटमधल्या पीकेएक्झेकची, म्हणजे दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, गोष्ट तशीच, जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने उघड केलेलं भोक २००९ पासून त्यात होतं आणि साध्या युजरला थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळत होतं. डेबियन १२ मध्ये पीकेएक्झेक वेगळं पॅकेज आहे, त्यामुळे सर्व्हरवर ते नसलं तरी चालतं.

खरं तर नवीन मशीनवर कोरं इन्स्टॉल करून कोहा-डंप या कमांडने प्रत काढून डेटा नेला असता तर सगळ्यात स्वच्छ. दुसरं मशीन नव्हतं. आणि याच मशीनवर थेट फॉरमॅट मारायला मी तयार नव्हतो, कारण झेरॉक्ससारखं आणखी काय काय दडलंय हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, फॉरमॅट केल्यावर ते कळतं पण तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मधला रस्ता काढला. माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम) डेबियन १२ कोरं बसवलं, सॉफ्टवेअर निवडायच्या स्क्रीनवर एसएसएच सोडून सगळ्या टिक काढल्या, एपीटीला रेकमेंड्स आणू नको असं सेटिंगमध्ये सांगितलं, आणि त्यावर कोहा टाकून सर्व्हरचा डंप रिस्टोअर केला. हा झाला नमुना. याच्यावर जे चालतं ते नक्की पुरेसं, आणि याच्यावर जे अडतं ते काय कमी पडतंय ते सांगतं.

अडलं ते ईमेलवर. थकीत पुस्तकांच्या नोटिसा पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्राममधून कॉलेजच्या मेल अकाउंटवरून जातात, आणि लॉगमध्ये एसएएसएलची, म्हणजे लॉगिन सांभाळणाऱ्या भागाची, तक्रार, "नो वर्दी मेक्स फाउंड". पासवर्ड बरोबर, पोर्ट बरोबर. मेल सर्व्हरला लॉगिन करायच्या ज्या पद्धती असतात त्या लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स नावाच्या छोट्याशा पॅकेजमध्ये असतात, आणि ते पॅकेज मूळ एसएएसएल कोड-लायब्ररीच्या डिपेंडन्सीत नाही, रेकमेंड्समध्ये आहे. रेकमेंड्स बंद केलं की ते येत नाही, पोस्टफिक्स चालू दिसतो, पोर्ट उघडा दिसतो, आणि एकही मेल बाहेर जात नाही. हे व्हीएममध्ये कळलं हे फार बरं झालं, सर्व्हरवर झालं असतं तर पुस्तक परत करायची आठवण आली नाही म्हणून दंड कसा लावला, असं मुलं काउंटरला येऊन भांडली असती तेव्हा कळलं असतं. त्यामुळे रेकमेंड्स बंद करा असा सल्ला सरसकट देऊ नये असं मला वाटतं. बंद करा, पण त्यानंतर मशीनची सगळी कामं एकेक करून चालवून बघा.

आता दोन याद्या झाल्या, नमुन्यावरच्या पॅकेजेसची आणि सर्व्हरवरच्या. दोन्ही सॉर्ट करून फरक काढला की सर्व्हरवर जास्तीचं काय ते समोर येतं. त्या फरकातलं प्रत्येक नाव काढायचंच असं नाही, पण प्रत्येकाची चौकशी करायची. एखादं नाव ओळखीचं नसेल तर अॅप्टिट्यूडला "व्हाय" विचारायचं, ते कुणामुळे आलंय ती साखळी दाखवतं. ही कमांड फार कमी लोक वापरतात आणि मला ती या कामातली सगळ्यात उपयोगाची वाटते.

काढायच्या आधी डेस्कटॉप नुसता बंद केला. डिफॉल्ट टार्गेट ग्राफिकलवरून मल्टी-युजर केलं, रीबूट, स्क्रीनवर फक्त काळं लॉगिन. दिवाळीच्या आधीचे कामाचे दिवस तसेच जाऊ दिले. कुणाची काही हाक आली नाही, फक्त एकदा असिस्टंटनी फोन केला की स्क्रीन काळी दिसतेय, चालूय ना? चालू होतं. बंद केलेली गोष्ट एका कमांडने परत येते, पर्ज केलेली, म्हणजे सेटिंगसकट पुसलेली, येत नाही, म्हणून हा टप्पा मी कधीच गाळत नाही. आरपीसीबाइंड, कप्स, ब्लूटूथ, मोडेममॅनेजर हे सगळेही आधी असेच बंद. अवाही बंद केल्यावर मात्र वाचन कक्षातल्या पीसींवर ओपॅक उघडेना, कारण त्यांचं होमपेज डॉट लोकल नावावर सेट होतं आणि ते नाव अवाहीच सांगत होता. राउटरमध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी, नोंद केली, होमपेज बदलली, मग अवाहीचा प्रश्न मिटला.

सुट्टी लागल्यावर आधी कोहा-डंप, तो बाहेरच्या डिस्कवर आणि त्याची व्हीएममध्ये एकदा रिस्टोअर करून खात्री. मग सगळ्यात आधी नेटवर्क. ग्नोमबरोबर नेटवर्कमॅनेजर येतो, कार्डाचा आयपी त्याच्याच ताब्यात असतो, आणि डेस्कटॉप काढला की तोही जातो. एसएसएचवरून बसून हे केलं तर आपण ज्या फांदीवर बसलोय तीच कापतोय. इंटरफेसेस फाइलमध्ये स्टॅटिक आयपी लिहिला, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे, त्या फाइलमध्ये डीएनएस-नेमसर्व्हर्सची ओळ लिहिलेली कितीतरी ठिकाणी दिसते पण रिझॉल्व्हकॉन्फ पॅकेज नसेल तर ती ओळ कुणी वाचतच नाही, आयपी लागतो, पिंग चालतो आणि नावं सापडत नाहीत. म्हणून रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ हाताने लिहिली. नेटवर्कमॅनेजर बंद, रीबूट, मशीन नेटवर्कवर आलं, डीएनएस चालतंय, मगच पुढे. हे सगळं मशीनसमोर बसूनच केलं.

मग कोहा, मारियाडीबी, अपाचे, एसएसएच, पोस्टफिक्स आणि तो एसएएसएलवाला, या सगळ्यांना एपीटी-मार्कने मॅन्युअल ठरवलं, म्हणजे ते अनाथ समजून काढले जाणार नाहीत. ग्नोमचे टास्क पॅकेज पर्ज केले आणि ऑटोरिमूव्ह, म्हणजे अनाथ पॅकेजेस काढायची कमांड, सिम्युलेट करून बघितलं. यादी आश्चर्य वाटावं इतकी छोटी. कारण ऑटोरिमूव्ह स्वभावाने मवाळ आहे, उरलेल्या कुठल्याही पॅकेजने एखाद्याची शिफारस केलेली असेल, अगदी नुसतं सुचवलेलं असेल, तरी तो त्याला हात लावत नाही. रेकमेंड्स-इम्पॉर्टंट आणि सजेस्ट्स-इम्पॉर्टंट हे दोन पर्याय फॉल्स केले की खरी यादी येते, काही पानं भरतील एवढी. आणि ती यादी मी ओळ न ओळ वाचली. यात घाई करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, सिम्युलेशन फुकट आहे, वाचायला एक चहा पुरतो, आणि न बघता होय-होय म्हणणाऱ्या पर्यायाने पर्ज मारला आणि त्यात मारियाडीबी निघाली तर डेटाबेस ठेवू का उडवू हा प्रश्न तुमच्यापुढे थांबेलच याची खात्री नाही.

त्याच यादीत एक नाव होतं अॅनाक्रॉन. शंभरेक केबीचं चिमुकलं पॅकेज. डेस्कटॉपच्या टास्कबरोबर आलेलं, नमुन्याच्या व्हीएमवर नव्हतं, पोर्ट उघडत नाही, कायम चालू राहत नाही. कुठल्याही निकषाने जायला हवं असं. आता वॉचमन आठवा. कोहाचं रोजचं काम क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, क्रॉन-डेली फोल्डरमधल्या कोहा-कॉमन स्क्रिप्टमध्ये असतं, थकीत नोटिसा तिथून जातात आणि रात्रीचा म्हणतात तो बॅकअप पण तिथूनच निघतो, व्हार-स्पूल-कोहामध्ये पडतो. डेबियनमध्ये क्रॉन-डेली चालवायची मूळ वेळ सकाळी ६ वाजून २५ मिनिटं. अॅनाक्रॉन असेल तर मात्र क्रॉन ते काम त्याच्यावर सोडतो, आणि अॅनाक्रॉनचा टायमर सकाळी साडेसातपासून रात्री साडेअकरापर्यंत दर तासाला बघतो की आजचं काम झालंय का, नसेल तर करतो. आमचा सर्व्हर ६:२५ ला कधीच चालू नसतो. वॉचमनने संध्याकाळी मेन पाडलेला, कॉलेज उघडल्यावर मशीन चालू. अॅनाक्रॉन काढला असता तर त्या दिवसापासून एकही बॅकअप झाला नसता आणि कुठेही एक अक्षर एरर आली नसती, कारण जे काम सुरूच झालं नाही ते फेल कसं होणार. आणि बॅकअप नाही हे बॅकअप लागतो त्याच दिवशी कळतं. अॅनाक्रॉन मॅन्युअल मार्क केला, आणि वॉचमनने सर्व्हरची लाइन वेगळ्या एमसीबीवर घेऊन चालू ठेवावी अशी प्राचार्यांना विनंतीही दिली, पण ती मंजूर होईपर्यंत हे पॅकेज इथे राहणार.

त्याच्या अगदी उलट टोकाला लिबआयसीयू, निरनिराळ्या लिपी हाताळणारी कोड-लायब्ररी. इन्स्टॉल साइजप्रमाणे पॅकेजेस लावली की कर्नल वगैरेनंतर ही लायब्ररी वर दिसते, तीसेक एमबीच्या वर, आणि कमी करणाऱ्या माणसाचा डोळा तिच्यावर जातोच. काहीजण कंटेनरमध्ये ती उडवायचे उपाय सांगतात. इथे झेब्राचं, म्हणजे कोहाच्या शोधयंत्राचं, इंडेक्सिंग मराठीसाठी आयसीयूवर वळवलेलं आहे, मूळ कॅरेक्टर-मॅपवर ठेवलं तर देवनागरी शब्द नीट तोडले जात नाहीत आणि मुलगी "कविता" शोधते तेव्हा हाती काहीच लागत नाही. मराठी पुस्तकांच्या ग्रंथालयात ही लायब्ररी म्हणजे अर्धं ओपॅक आहे. तसेच फर्मवेअर-रिअलटेक आणि इंटेल-मायक्रोकोड, ही दोन पॅकेजेस व्हीएमवर नव्हती कारण व्हीएमला खरं कार्ड नसतं, पण खऱ्या मशीनवरून काढायची नाहीत. नमुना हा नमुनाच असतो.

काही गोष्टी काढता येत नाहीत, झाकता येतात. कोहाची बॅकग्राउंड कामं, म्हणजे एकदम शेकडो रेकॉर्ड बदलणं वगैरे, रॅबिटएमक्यूतून जातात, रॅबिटएमक्यू अर्लँग या भाषेवर आहे आणि अर्लँगचा ईपीएमडी ४३६९ वर सगळ्यांसाठी उघडा बसतो. त्यासाठी एनएफटेबल्स ही फायरवॉल. आत यायला ८० सगळ्या लॅनला, ८०८० फक्त काउंटर आणि मॅडमच्या पीसीला, २२ फक्त मॅडमच्या पीसीला, ४४५ फक्त झेरॉक्स मशीन आणि ऑफिसच्या एका पीसीला, बाकी सगळं ड्रॉप. डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं पीएचपीमायअॅडमिन होतं, ते ८० वर असल्यामुळे स्टडी रूममधून कुणालाही लॉगिन पेज दिसत होतं, ते पीएचपीसकट काढलं. रिमोट डेस्कटॉपचं अॅप काढताना त्याची सोर्सेस फोल्डरमधली रिपॉझिटरीची फाइल आणि साइनिंग की पण काढली, लोक पॅकेज काढतात आणि ही दोन ठेवून देतात, मग ती रिपॉझिटरी दर अपडेटला विश्वासू म्हणून वाचली जात राहते.

लॉग आणि वेळ याला कात्री लावताना हात आखडता घेतला. मशीन डेबियन ११ वरून १२ वर चढवलेलं असल्यामुळे लॉगच्या फाइली लिहिणारं आरसिसलॉग होतं, १२ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये ते येत नाही, जर्नल पुरतं. म्हणून काढलं. पण चुकीचं लॉगिन करत राहणाऱ्यांना अडवणारा फेलटूबॅन एसएसएचसाठी ऑथ डॉट लॉग वाचत होता, आरसिसलॉग गेलं की त्या फाइलमध्ये नवीन काही येतच नाही, म्हणून त्याचा बॅकएंड सिस्टिमडीवर वळवला आणि पायथन३-सिस्टिमडी टाकलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी, म्हणजे वेळ सांगणाऱ्या, सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय, आम्ही तेच माप धरलं. जर्नल डिफॉल्टने डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच वाढतो, दिवस मोजत नाही, तेव्हा मर्यादा वाढवून दिली. वेळेसाठी क्रोनी, सर्व्हर एनआयसीचे. घड्याळ मागेपुढे झालं तर इथे थेट दंडाच्या रकमेवर परिणाम होतो, देय तारखेचा हिशोब मशीनच्या घड्याळावरच चालतो.

काढून झाल्यावर डीपीकेजीच्या यादीत आरसी लिहिलेली पॅकेजेस राहतात, म्हणजे प्रोग्राम गेला पण कॉन्फिगरेशन मागे. ती पण पर्ज केली, पण सांबाची फाइल बघून मगच. मग रीबूट, आणि कागदावरची यादी घेऊन एकेक काम. एक पुस्तक इश्यू, एक रिटर्न, मराठीत शोध, इंग्रजीत शोध, एक थकीत नोटीस खऱ्या ईमेलवर, झेरॉक्सवरून एक स्कॅन. मशीन संध्याकाळी मेनवरून बंद करून दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं आणि साडेअकरा वाजता बॅकअपची फाइल आजच्या तारखेची आहे का ते बघितलं. होती.

पॅकेजेस निम्म्याच्या आसपास आली, डिस्कवर काही जीबी सुटले, पण त्याचं मला फार कौतुक नाही, डिस्क स्वस्त आहे. रॅमचा फरक मात्र काउंटरवर जाणवतो, मोकळी झालेली जागा मारियाडीबीच्या बफरला दिली, आणि वर्ष सुरू होताना शंभर मुलं रांगेत असतात तेव्हा इश्यूची स्क्रीन अडकत नाही असं असिस्टंट सांगतात. आणि अपडेटची यादी आता वाचण्यासारखी राहिलीय. पूर्वी लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, ग्नोम, कप्स असं लांबलचक यायचं, कुणीही वाचत नव्हतं, आता जी नावं येतात ती सगळी मॅडमच्या कागदावरच्या कुठल्यातरी कामाशी जोडलेली असतात. तो कागद टाइप करून सर्व्हरवर रूटच्या फोल्डरमध्ये ठेवलाय, प्रत्येक सेवेपुढे ती कुणासाठी आहे ते लिहून, अॅनाक्रॉनपुढे "वॉचमन मेन बंद करतो म्हणून" असं स्पष्ट लिहून, नाहीतर उद्या येणारा माणूस त्याला कचरा समजून काढेल.

सांबा अजून तिथेच आहे. ग्रंथालयाच्या सर्व्हरवर ऑफिसचे स्कॅन असायला नकोत हे सगळ्यांना मान्य आहे, ऑफिससाठी छोटी स्टोरेज पेटी घ्यायचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे आहे. ती आली की सांबा पर्ज, ४४५ बंद, आणि कागदावरची ती ओळ खोडायची. डेबियन १२ ला नेहमीचा सिक्युरिटी सपोर्ट जून २०२६ पर्यंत आणि एलटीएस, म्हणजे वाढीव मुदतीचा सपोर्ट, जून २०२८ पर्यंत आहे, तेव्हा १३ वर जायचं ते पुढच्या एखाद्या मोठ्या सुट्टीत, आधी त्याच व्हीएमवर करून बघून.